पातळ कातडी, पोलादी बरगड्या : ॲस्टन मार्टिन डीबी५चा जीर्णोद्धार

आजची गाडी तुमच्यापैकी बहुतेकांनी पडद्यावर पाहिलेली आहे. १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये शॉन कॉनरी जी चंदेरी गाडी चालवतो, ती ॲस्टन मार्टिन डीबी५. तिच्या मशीनगनशी आज आपल्याला फारसं घेणं नाही. आपण तिचा पत्रा उचलून आत बघणार आहोत. ही गाडी हलकी कशामुळे झाली आणि कुजली कशामुळे, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या पत्र्याखाली एकाच जागी सापडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. डीबी म्हणजे डेव्हिड ब्राऊन. गिअर आणि ट्रॅक्टर बनवणारा हा उद्योगपती. त्याने वर्तमानपत्रातली जाहिरात बघून १९४७ साली ॲस्टन मार्टिन विकत घेतली. त्याला ग्रँड टूरिंग गाडी करायची होती, म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं सामान घेऊन दिवसभर वेगाने धावेल आणि संध्याकाळी उतरताना कंबर धरायला लावणार नाही अशी. १९५८ साली डीबी४ आली. टाडेक मारेक या पोलिश अभियंत्याने तिच्यासाठी संपूर्ण ॲल्युमिनियमचं सहा सिलिंडरचं इंजिन केलं होतं. १९६३ साली तेच इंजिन ४ लिटरपर्यंत वाढवून डीबी५ आली. दोन वर्षांत बनल्या अवघ्या १,०५९.

आता बॉडीकडे येऊ. ती मिलानच्या ‘तूरिंग’ या कारखान्याची रचना. पद्धतीचं नाव ‘सुपरलेजेरा’, म्हणजे अतिहलकी. खाली पोलादी पत्र्याचा चासी. त्यावर बारीक पोलादी नळ्या जोडून गाडीच्या आकाराचा पिंजरा उभा करायचा, आणि त्या पिंजऱ्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवायचा. गणपतीच्या मोठ्या देखाव्यात आधी बांबूचा सांगाडा बांधतात आणि मग वरून कापड चढवतात ना, तसंच काहीसं. दारांच्या चौकटीशी, बॉनेटच्या कडेशी पत्रा नळीभोवती दुमडून घ्यायचा. भार सांगाडा उचलतो, त्यामुळे पत्रा पातळ चालतो.

हे सगळं इंग्लंडमध्ये न्यूपोर्ट पॅग्नेल या छोट्या गावात व्हायचं. तिथे पूर्वीपासून घोडागाड्या आणि नंतर मोटारींच्या बॉड्या बनत. कारागीर दोन रुळांमध्ये पत्रा मागेपुढे फिरवून त्याला गोलाई आणायचे, कमी पडलं तर हातोडी. म्हणून एका डीबी५चं दार दुसरीला आणून लावलं तर ते जसंच्या तसं बसेल याची खात्री नाही. काहींना हा दोष वाटेल; आम्हाला ती कारागिराची सही वाटते.

पण ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की त्यांची चक्क बॅटरी बनते. ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते. त्यात इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये काही घालून त्यांना वेगळं ठेवलं तरी ते अस्तर किती वर्षं टिकणार? खालच्या पोलादी चासीला साधा तांबडा गंज चढतो, तो वेगळाच. वरून रंग चकचकीत आणि आत नळ्यांचा चुरा, अशा गाड्या निघतात. आज कोट्यवधींना जाणारी ही गाडी एके काळी नुसती जुनी गाडी होती. तेव्हा कोणी पुट्टी भरली, कोणी ठिगळ मारलं.

मग दुरुस्ती कशी करायची? नळी बदलायची तर पत्रा सोडवावा लागतो. दुमडलेली कड उलगडताना तो फाटतो. काही कारागीर सगळा पत्रा काढून नवा घडवतात. गाडी भक्कम होते, पण १९६४ साली ज्या हातांनी ती गोलाई आणली ते हात त्यातून गेले. काही जण फक्त कुजलेली कड कापून नवी पट्टी जोडतात. वेळ जास्त, खर्च जास्त, आणि रंग चढल्यावर ती मेहनत कोणाला दिसतही नाही. आमचं मत या दुसऱ्या बाजूला आहे. जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट फासला की त्यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे असेल कदाचित. अर्थात चासी पोकळ झालेला असेल तर तिथे हळवेपणा नको, माणसं बसणार आहेत आत.

२०२० साली कंपनीने न्यूपोर्ट पॅग्नेललाच गोल्डफिंगरमधल्या गाडीसारख्या २५ नव्या डीबी५ ग्राहकांसाठी बनवायला घेतल्या. किंमत प्रत्येकी २७.५ लाख पौंड, कर वेगळा. सार्वजनिक रस्त्यावर चालवायला मात्र परवानगी नाही! नव्या पत्र्याची गाडी हवी असेल, तर ती तेव्हा अशी मिळत होती.

आणि सिनेमातली ती मूळ गाडी? चासी क्रमांक डीपी/२१६/१. चित्रीकरण संपल्यावर कंपनीने तिची सगळी उपकरणं काढली आणि साधी गाडी म्हणून विकून टाकली. पुढे एका मालकाने तशीच उपकरणं पुन्हा बसवून घेतली. मग ती अस्सल की नक्कल, यावर वाद घालायला जागा आहे. चासी मात्र तोच होता. १९९७ साली फ्लोरिडातल्या बोका रेटन विमानतळावरच्या हँगरमधून ती चोरीला गेली. उद्या कुठे सापडलीच, तर तपासणारा आधी तो क्रमांक शोधेल, मशीनगन नंतर.