सुतकाची इयत्ता

समाचाराला जाणं मला आजवर जमलेलं नाही. "झालं ते फार वाईट झालं" एवढं एक वाक्य बोललं की माझा साठा संपतो. मग मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या मोजत बसतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकन सुतकाविषयी वाचलं, तेव्हा मला आधी हेवाच वाटला. तिथे माणसाने बोलायची गरजच नव्हती. जे काय बोलायचं ते कापड बोलायचं.

नवरा गेला की बाईने दोनेक वर्षं काळ्यात राहायचं. आधी क्रेप नावाचं निस्तेज, चुरगळल्यासारखं कापड आणि तोंडावर तसलाच बुरखा. हे कापड पावसात भिजलं की रंग अंगावर उतरायचा, म्हणजे दुःख घरी गेल्यावर घासून काढावं लागे! पुढे क्रेप कमी व्हायचं, मग करडा, मग फिका जांभळा. बाईचं दुःख कितव्या इयत्तेत आहे, हे लांबूनच कळे. बायको गेलेल्या पुरुषाला मात्र हॅटभोवती काळी पट्टी पुरायची, आणि तीही थोडकेच महिने. पुरुष सगळीकडे वरच्या वर्गात लवकर चढतात.

घरातलं घड्याळ बंद करायचं, आरसे झाकायचे, पत्रांना काळी किनार. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दूर पडलेले सैनिक घरी पाठवायचे म्हणून देहांत औषधं भरून ते टिकवायची विद्या फोफावली. १८६५ साली खुद्द लिंकनचा देह आगगाडीने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला निघाला. सोळाशेहून अधिक मैल, जवळजवळ दोन आठवडे, आणि वाटेत गावोगाव दर्शन. मग धंद्याला बरकत आली. पूर्वी टेबलं करणारा सुतारच शवपेटी करून द्यायचा. १८८२ साली या मंडळींनी राष्ट्रीय संघटना काढली आणि स्वतःला 'फ्युनरल डायरेक्टर' म्हणवून घेतलं. डायरेक्टर! आमच्या आळीत तिरडी बांधणाऱ्या अण्णांना जन्मभर कुणी साधं हेडक्लार्कसुद्धा म्हटलं नाही.

न्यूअर्कच्या फ्रान्झ व्हेस्टरने तर १८६८ साली शवपेटीचं पेटंट घेतलं. चुकून जिवंत पुरलेल्यासाठी तिच्यात वर जायला शिडी आणि वाजवायला घंटा होती. शेजाऱ्यांची झोप मोडेल हा विचार त्याने केलेला दिसत नाही.

इथपर्यंत मी मजेत हसत होतो. मग केसांचं प्रकरण आलं. गेलेल्या माणसाचे केस जपून ठेवायचे, विणायचे आणि त्यांचे ब्रोच, अंगठ्या, भिंतीवर लावायची फुलं करायची. "शी!" असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. त्याच वर्षांत आमच्या ब्राह्मण घरांतून नवरा गेला की जिवंत बाईचे केस उतरवत होते. तिकडे मेलेल्याची बट सोन्यात मढवत होते, इकडे जितीची न्हाव्याच्या पुढ्यात पडत होती. आणि आमच्या इयत्तेत वरचा वर्ग नव्हताच. आलवण एकदा नेसलं की जन्माचं. करडा नाही, फिका जांभळा नाही.

लिंकन गेला त्याच्या दोन आठवडे आधी, ३१ मार्च १८६५ ला, एक मराठी मुलगी जन्मली होती. आनंदीबाई जोशी. १८८३ साली ती अमेरिकेला गेली, न्यू जर्सीत थिओडोशिया कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतली. फेब्रुवारी १८८७ मध्ये ती पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गोपाळरावांनी तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. वर दगड बसवला.

ना क्रेपच्या नियमात बसणारं, ना आमच्या शास्त्रात. नातंच नव्हतं, तर सुतक कुठलं? पण त्या बाईने घरातल्या माणसांत जागा दिली.

कधी पोकीप्सीला जाणं झालं, तर त्या दगडापुढे मला एक वाक्यसुद्धा सुचायचं नाही. आणि तिथे समोर कॅलेंडरही नसणार.