सिल्व्हर घोस्ट आणि दुरुस्तीची वही

ऑगस्ट 1907 मध्ये ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या तज्ज्ञांनी एका मोटारीचा भाग न् भाग सुटा केला, प्रत्येकाची झीज तपासली आणि शेवटी एक हिशेब मांडला. गाडी 15,000 मैल धावून आली होती. तिला पुन्हा कोऱ्या गाडीच्या तोडीची करायला जे सुटे भाग बदलावे लागणार होते, त्यांची किंमत निघाली 2 पौंड, 2 शिलिंग आणि 7 पेन्स. ही गाडी म्हणजे रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’, नंबर एएक्स 201, चासी 60551. 2005 च्या सुमारास तिच्या विम्याची रक्कम साडेतीन कोटी डॉलर सांगितली जात होती. एवढे मोल कशाचे, असे विचारले की शौकीन मंडळी तिच्या अस्सलपणाकडे बोट दाखवतात, नाहीतर तिच्या रिस्टोरेशनची वाखाणणी करतात. मला मात्र या गाडीची कुळकथा वाचताना सगळा भार त्या शिलिंग-पेन्सच्या हिशेबावर पडलेला दिसतो. कोणत्या दिवशी, कोणासमोर, काय बदलले, हे लिहून ठेवले गेले. जुन्या मोटारीचे कूळ या लिहिण्यावर उभे राहते, आणि रिस्टोरेशनचा बरा-वाईटपणाही त्यावरच जोखायला हवा.

सुरुवात जाहिरातीत आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. क्लॉड जॉन्सन हा कंपनीचा व्यवहार सांभाळणारा माणूस. चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस या दोघांना सांधणारा, म्हणून इंग्रजीत त्याला त्या जोडनावातली मधली रेघ म्हणत. मँचेस्टरच्या कारखान्यात ‘40/50 हॉर्सपॉवर’ हे सहा सिलिंडरांचे, 7,036 सीसीचे नवे मॉडेल तयार होत होते. त्यातली बारावी चासी जॉन्सनने प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवली. बार्कर अँड कंपनी या बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडून तिच्यावर उघडी टूरिंग बॉडी चढवून घेतली, तिला ॲल्युमिनियमचा रंग दिला, दिवे आणि इतर साजाला चांदीचा मुलामा दिला आणि नावाची पाटी ठोकली. सिल्व्हर घोस्ट हे नाव त्या एकट्या गाडीचे होते. कंपनीच्या लेखी मॉडेलचे नाव ‘40/50’ एवढेच राहिले. पुढे वर्तमानपत्रांनी आणि ग्राहकांनी ते नाव सरसकट सगळ्या मॉडेलला लावले, आणि 1925 मध्ये ‘फँटम’ आल्यावर मागच्या मॉडेलला वेगळे ओळखण्यासाठी कंपनीनेही ते मान्य केले. इंग्लंड आणि अमेरिका मिळून तयार झालेल्या जवळपास 7,900 गाड्यांना एका गाडीचे नाव उसने मिळाले. म्हणजे ही वंशावळ उलटी वाचायची: आधी एक व्यक्ती, आणि मग तिच्या नावाने ओळखले जाणारे कूळ.

नाव पाटीमुळे मिळाले, कीर्ती मात्र चाचणीमुळे मिळाली. आधी क्लबच्या देखरेखीखाली 2,000 मैल, मग स्कॉटलंडची विश्वासार्हता-चाचणी, आणि तिथून पुढे लंडन-ग्लासगो रस्त्यावर पुन्हा पुन्हा फेऱ्या. रविवार तेवढा सुट्टीचा. गाडीत क्लबचा निरीक्षक बसलेला असे. 629 मैलांवर पेट्रोलचा कॉक हादऱ्यांनी आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली. ही बारीकशी नामुष्की झाकणे अवघड नव्हते, कारण कॉक पुन्हा उघडायला मिनिटभरही लागला नसावा. पण निरीक्षकाच्या वहीत ती चढली, आणि म्हणूनच त्यापुढचे 14,371 मैल गाडी आपणहून एकदाही थांबली नाही, या दाव्याला वजन आले. जॉन्सनचा धूर्तपणा इथे दिसतो. आपल्या गाडीची तारीफ त्याने तिऱ्हाइताच्या वहीत लिहवून घेतली, आणि तिऱ्हाइताला दोष लिहायची मोकळीक दिली. इंजिन आणि ट्रान्समिशनमध्ये मोजता येईल अशी झीज सापडली नाही, या वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो बाजूला पेन्सांचा हिशेब होता म्हणून.

1908 मध्ये कंपनीने ती गाडी विकून टाकली. आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा ती कंपनीच्या दृष्टीने काम संपलेली प्रात्यक्षिकाची गाडी होती, आणि अशा गाड्या विकायच्याच असतात. पुढची 40 वर्षे ती खाजगी मालकीत राहिली, घरच्या गाडीसारखी वापरली गेली, आणि 1948 मध्ये कंपनीकडे परतली. चाचणी चालली होती काही आठवडे. हा काळ आहे चार दशकांचा. तरीही गाडीच्या बहुतेक इतिहासांत तो एका ओळीत उरकलेला असतो. त्यानंतर कंपनीने तिला जाहिरातीच्या कामाला पुन्हा जुंपले, देशोदेशी फिरवले. 1971 मध्ये कंपनी विमानाच्या इंजिनापायी बुडाली, मोटारींचा धंदा वेगळा निघाला, तो 1980 मध्ये व्हिकर्सकडे गेला. 1998 मध्ये व्हिकर्सने तो फोक्सवॅगनला विकला; पण रोल्स-रॉइस हे नाव विमान-इंजिनवाल्या कंपनीच्या हातात होते आणि तिने ते बीएमडब्ल्यूला दिले. वाटणीत कारखाना आणि त्यातल्या चीजवस्तू फोक्सवॅगनकडे राहिल्या, आणि त्यांत एएक्स 201 ही आली. परिणाम असा की रोल्स-रॉइसला रोल्स-रॉइस करणारी गाडी त्या कारखान्यासोबत फोक्सवॅगनकडे गेलेल्या बेंटलीच्या मालमत्तेत जमा झाली, आणि ज्यांच्याकडे नाव गेले त्यांच्याकडे ती नव्हती. भाऊबंदकीच्या दाव्यांत देवघर एकाकडे आणि कुलदैवताचा टाक दुसऱ्याकडे जातो, तसाच हा प्रकार. गाडी मात्र या सगळ्यात तीच राहिली, कारण चासी नंबर, पाटी आणि कागद एकत्र राहिले.

मोठे रिस्टोरेशन झाले ते 1989 ते 1991 या काळात. तोपर्यंत गाडी पाच लाखांहून अधिक मैल धावली होती. पी अँड ए वूड आणि बॉडीच्या कामासाठी एस. सी. गॉर्डन या रोल्स-रॉइसच्या जाणकार कारागिरांनी ते केले. त्यांच्या हाताबद्दल वाद नाही. वाद असलाच तर तो आधीच्या निर्णयाचा आहे: गाडी कोणत्या सालाला परत न्यायची? मालकांनी 1907 निवडले, म्हणजे चाचणीच्या वेळची, चांदीचा साज ल्यालेली, जॉन्सनची गाडी. ही निवड समजण्यासारखी आहे, पण ती तटस्थ नाही. जाहिरातवाल्याने घडवलेले रूप हेच गाडीचे खरे रूप असे त्यात मानलेले आहे. घरच्या गाडीसारखी वापरलेली, माती-पावसात मळलेली, बाजारहाटाला गेलेली मधली 40 वर्षे त्या लखलखाटात दिसत नाहीत.

यावर जतनवाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे. त्यांच्या मते गाडी मूळ अवस्थेत एकदाच असते, रंगाचा प्रत्येक पोपडा हा पुरावा असतो आणि रिस्टोरेशन हा पुरावा नष्ट करण्याचा सभ्य मार्ग आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, 2012 मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनदही जतनाला पहिला मान देते आणि रिस्टोरेशन जपून करायला सांगते. आक्षेपात तथ्य आहे. ज्या गाडीचे मूळ पेंट आणि मूळ चामडे शाबूत आहे, तिला नवी झळाळी देणे हा करंटेपणाच. पण सतत पळत राहिलेल्या गाडीला हा कायदा लावता येत नाही. पाच लाख मैलांत बेअरिंगे, पिस्टनच्या रिंगा, टायर, चामडे, रंग, सगळे कधी ना कधी बदलणार. तशा गाडीची ‘मूळ अवस्था’ पहिल्या टायरबरोबरच संपते. जपायचीच झाली तर बदलाची मालिका जपायला हवी. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करणारा शिलालेख कोरून ठेवतो, कोणी, कोणत्या शके, कोणता भाग बांधला ते. काशीविश्वनाथाचे देऊळ अहिल्याबाईंनी बांधले हे कोणी लपवत नाही आणि त्यामुळे विश्वनाथ खोटाही ठरत नाही. रिस्टोरेशनने 40 वर्षांच्या खुणा पुसल्या असतील तर त्या निदान कागदावर राहिल्या पाहिजेत, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी किती निकडीची आहे हे टूरिंग बॉडीच्या बाजारातून कळते. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त चासी विकत असे. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. सधन मालक एकाच चासीला हिवाळ्यासाठी बंद आणि उन्हाळ्यासाठी उघडी अशा दोन बॉड्या ठेवत. पहिल्या महायुद्धात कित्येक चासींवर चिलखती बॉड्या चढल्या. नंतर जुन्या झालेल्या घोस्ट शववाहिका झाल्या, मालवाहू झाल्या, बंद पडलेल्या गाड्या ओढायला लागल्या. पुढे संग्राहकांना त्यांची किंमत कळली तेव्हा उघड्या टूररला जास्त पैसे मिळतात हेही कळले. मग जड लिमोझिन बॉड्या उतरल्या आणि त्यांच्या जागी एएक्स 201 च्या घाटाच्या, नव्याने ठोकलेल्या टूरिंग बॉड्या आल्या. म्हणून आजच्या मेळाव्यांत दिसणाऱ्या घोस्ट पाहून त्या काळी रस्त्यावर सगळ्या उघड्याच गाड्या होत्या असा समज होतो. एका गाडीने आधी कुळाला नाव दिले आणि नंतर चेहराही दिला. अशी नवी बॉडी बांधणे हा गुन्हा नव्हे, चासीला काहीतरी बॉडी लागतेच. फसवणूक सुरू होते ती बॉडीचे साल सांगायचे टाळले की.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि तो जास्त धारदार आहे. बदलाच्या मालिकेलाच कूळ म्हणायचे ठरले तर एक नटबोल्ट आणि एक जाड फाइल घेऊन कोणीही उभा राहील. हा प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात खरोखरच उभा राहिला. गाडी होती बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’, 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची 24 तासांची शर्यत जिंकलेली. सौदा एक कोटी पौंडांचा ठरला, आणि मग खरेदीदाराने ही ती गाडीच नव्हे म्हणून अंग काढून घेतले. तपासात 1929 च्या गाडीचे फारच थोडे भाग शिल्लक असल्याचे निघाले. मधल्या काळात ती शर्यतींसाठी पुन्हा पुन्हा बांधली गेली, मोठे इंजिन आले, 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत जीवघेणा अपघात झाला आणि त्यानंतर तिच्यावर बंद कूपे बॉडी चढली. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो मोठा मार्मिक आहे. मूळ अवस्थेतली गाडी असा दावा त्यांनी मानला नाही, पण अस्सल ओल्ड नंबर वन हीच असे ठरवले. प्रत्येक बदल आधीच्या गाडीवर झाला होता, गाडी मोडीत जाऊन कुठेतरी नव्याने उपटली नव्हती, आणि त्या अखंड धाग्यात दुसऱ्या कोणत्याही गाडीचा दावा घुसत नव्हता. आक्षेपाचे उत्तर यातच आहे. फाइल जाड असून भागत नाही, ती अखंड लागते. नटबोल्टवाला नेमका इथे पकडला जातो, कारण त्याच्या फाइलमध्ये वीस-पंचवीस वर्षांचे भगदाड असते आणि त्या भगदाडापलीकडची गाडी वेगळी असते.

हा प्रश्न परमुलखातला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची घोस्ट सह्याद्रीतले सहा घाट ओलांडत 620 मैल न अडखळता धावली आणि जिंकली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. जॉन्सनचा लंडन-ग्लासगोचा डाव इथे घाटात खेळला गेला, आणि संस्थानिकांनी पुढे रोल्स-रॉइस किती घेतल्या हे सर्वांना माहीत आहे. त्या गाड्या संस्थाने विलीन झाल्यावर हातोहात फिरल्या, आणि फिरताना बहुतेकींच्या वह्या मागे राहिल्या. दरबारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी त्या वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या. जे भाग विलायतेहून येत नसत ते लेथवर करून घेतले, पत्रा इथेच ठोकला. पण हे काम जुगाड म्हणून हिणवले गेले, दुरुस्ती म्हणून लिहिले गेले नाही. गाडी विकताना तर ते दडवलेच जाई.

आता नियमही त्या दडवण्याला हातभार लावतो. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. 50 वर्षांहून जुने वाहन, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. सोय चांगली आहे आणि ती बऱ्याच उशिरा आली. पण अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले हवे आणि त्यात मोठा फेरफार झालेला नसावा; चासी, बॉडी किंवा इंजिनातला बदल हा मोठा फेरफार. जिची बॉडी एकदाही बदलली नाही अशी घोस्ट अख्ख्या जगात मोजकी सापडेल. ही अट शब्दशः लावली तर सचोटीने ‘बॉडी नंतरची’ असे लिहिणारा मालक अडतो आणि काहीच न लिहिणारा सुटतो. नियमाचा हेतू बनावट गाड्या रोखणे हा असेल, आणि तो योग्यच आहे, तर ‘बदल झाला का’ याऐवजी ‘बदल कधी, कोणी आणि कशाच्या जागी केला’ असा रकाना अर्जात घालावा लागेल. त्या रकान्यात दरबारी मिस्त्रीने लेथवर केलेल्या भागालाही जागा मिळेल, आणि मागाहून ठोकलेल्या टूरिंग बॉडीलाही आपले खरे साल सांगता येईल.