मताची मजुरी

काही शब्दांचे भाग्य त्यांच्या जन्मदात्याच्या इच्छेविरुद्ध उजळते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग याने १९५८ साली ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ हे पुस्तक लिहिले ते उपहास म्हणून. गुणवत्तेच्या मोजमापावर उभ्या राहिलेल्या भावी राज्याचा इतिहास २०३४ साली एक विद्वान लिहीत आहे, अशी त्याची बतावणी. गुणवंतांचे राज्य किती निर्दय होईल, हे यंगला दाखवायचे होते. पुस्तकाच्या अखेरीस एका तळटीपेतून कळते, की हा विद्वान दंगलीत मारला गेला आहे आणि म्हणून प्रकाशकांना त्याच्याकडून मुद्रिते तपासून घेता आली नाहीत. असा काळा विनोद करणाऱ्या लेखकाचा शब्द पुढे लोकांनी बिरुदासारखा मिरवला. महाजालावर एकत्र येऊन काम करणाऱ्या संघटनांनी तर तो आपल्या घटनेचाच आधार केला: जो काम करील त्याला मत.

हे तत्त्व ऐकताक्षणी पटते आणि तिथेच त्याची गोम आहे. काम म्हणजे काय आणि ते मोजायचे कशाने, हे ठरवल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. आणि ते ठरवण्याचा अधिकार ज्यांना आधीच मत आहे त्यांच्याच हाती असतो. गेल्या तीस वर्षांत या कोड्याची जी वेगवेगळी उत्तरे शोधली गेली, त्यांपैकी काहींचा हा इतिहास. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. लेखक कोण, संपादक कोण, भाषांतरकाराला लेखकाच्या पंक्तीत बसवायचे की नाही, हेच प्रश्न येथे वेश पालटून भेटतात.

आरंभ साधा होता. १९९५ साली आठ जणांच्या एका गटाने संकेतस्थळे चालवणाऱ्या एका आज्ञावलीची देखभाल स्वतःकडे घेतली. तोच ‘अपाचे’ गट. मंडळी एकमेकांपासून दूर, कार्यालय नाही, पगार नाही. निर्णय टपालयादीवर होत: अनुकूल असेल त्याने ‘अधिक एक’ लिहायचे, प्रतिकूल असेल त्याने ‘उणे एक’. आज्ञावलीतील बदलाच्या बाबतीत एकाचाही ‘उणे एक’ नकाराधिकार ठरे, मात्र त्यासाठी सबळ तांत्रिक कारण द्यावे लागे. नवागताने दुरुस्त्या पाठवत राहायच्या. त्या चांगल्या आहेत असे जुन्यांना दीर्घकाळ दिसले, की त्याला मत मिळायचे. १९९९ साली या गटाचे प्रतिष्ठान झाले तरी रीत तीच राहिली. मिळवलेली पात्रता कालांतराने संपत नाही, हेही तेथील एक तत्त्व. मताचे वजन मात्र सर्वांचे सारखे. शंभर दुरुस्त्या करणाऱ्याला शंभर मते नाहीत. काम हे उंबरठा ओलांडण्यापुरते; आत गेल्यावर सगळे एका पायरीवर.

‘डेबियन’ या मुक्त संगणक प्रणालीच्या संघटनेने हे अधिक काटेकोरपणे लिहून काढले. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९८ साली स्वतःची घटना स्वीकारली. तिच्यानुसार नेता दरवर्षी निवडला जातो, मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतात, आणि मतपत्रिकेवर बराच काळ ‘पुढे चर्चा करावी’ असाही एक पर्याय असे. (आपल्या विद्यापीठांच्या मंडळांना हा पर्याय कोणी सुचवू नये, तोच दरवेळी बहुमताने निवडून येईल.) मतदार मात्र ‘विकासक’ असावा लागे, आणि विकासक होण्याची रूढ वाट होती आज्ञावलीचे संच बांधण्याची व ते प्रणालीत चढवण्याची. मग पुस्तिका लिहिणारे, भाषांतर करणारे, चित्रे काढणारे यांचे काय? कोणी वर्षानुवर्षे प्रणालीचा शब्दन् शब्द आपल्या भाषेत आणत असेल, पण संच बांधत नसेल, तर घरात राहूनही घराच्या निर्णयात त्याला स्थान नसे.

हा प्रश्न २०१० साली रीतसर मतदानास आला. त्या वेळचा नेता स्तेफानो झाक्किरोली याने मांडलेल्या ठरावाचा आशय असा, की संच न बांधता योगदान देणाऱ्यांचेही पूर्ण सदस्य म्हणून स्वागत व्हावे. ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. या सदस्यांना मत मिळाले, पण प्रणालीत संच चढवण्याची किल्ली मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. मत आणि किल्ली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मान्य व्हायला घटना झाल्यावरही बारा वर्षे लागली. भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर यायला आपल्याकडे किती लागली, हे आठवले म्हणजे बारा वर्षे फार वाटत नाहीत.

मोजणीचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो विकिपीडियाच्या बाबतीत. विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळावरील काही जागा संपादकांच्या मतांनी भरल्या जातात, आणि संपादक म्हणजे ज्याने ठरावीक संख्येने संपादने केली तो. अलीकडच्या अनेक निवडणुकांत हा आकडा एकूण ३०० संपादने आणि लगतच्या काळातील २० असा राहिला आहे. २००६ च्या निवडणुकीत ॲरन स्वार्ट्झ हा तरुण उमेदवार होता. विकिपीडियाचे संस्थापक जिमी वेल्स त्या काळी व्याख्यानांतून सांगत, की निम्म्याहून अधिक संपादने अवघे ०.७ टक्के सदस्य, म्हणजे ५२४ माणसे, करतात. ज्ञानकोश लिहिणारा समाज तो हाच. स्वार्ट्झला शंका आली. त्याने संपादने न मोजता अक्षरे मोजली. नट ॲलन आल्डा याच्यावरील लेख घेऊन, अंतिम पाठातील कोणता मजकूर कोणी प्रथम लिहिला, हे त्याने आज्ञावलीच्या साहाय्याने शोधले. चित्र उलटे निघाले. मजकुराचा मोठा भाग क्वचित येणाऱ्या, कित्येकदा नावही न नोंदवलेल्या माणसांनी लिहिला होता. नेहमीचे सदस्य शुद्धलेखन, वर्गीकरण, मांडणी करत होते. आणखी काही लेख पाहिल्यावरही कल तोच आढळला.

त्याची चाचणी लहान होती, आणि तिच्यावर सगळा ज्ञानकोश तोलू नये हे खरे. पण पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला या रीतीत आपल्या शास्त्राची ओळख पटेल: अंतिम पाठ समोर ठेवून प्रत्येक ओळीचे मूळ शोधायचे आणि लेखकाला लेखनिकापासून वेगळे काढायचे. स्वार्ट्झला मिळालेले उत्तर मतदारयादीच्या दृष्टीने अडचणीचे होते. संपादनांची संख्या ही अर्हता ठेवली, की यादीत लेखनिक येतात आणि लेखक बाहेर राहतात. लेख एका दमात लिहून एकदाच चढवणाऱ्याच्या खात्यात एक संपादन जमा होते. तोच लेख शंभर वेळा चाचपणाऱ्याच्या खात्यात शंभर. ज्यांच्या बाजूने स्वार्ट्झ बोलत होता, त्यांच्यापैकी अनेकांना मतच नव्हते. तो निवडून आला नाही, यात नवल ते काय.

तरीही येथवरच्या साऱ्या व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. मत विकता येत नव्हते, आणि एकाला एकाहून अधिक मिळत नव्हते. २०१६ साली ही दोन्ही कुंपणे मोडली. त्या वर्षी ईथरियमच्या साखळीवर ‘द डीएओ’ नावाचा निधी उभा राहिला, त्यात काही आठवड्यांत सुमारे १५ कोटी डॉलर जमले, आणि जितके नाणे तितके मत अशी व्यवस्था झाली. जूनमध्ये आज्ञावलीतील चुकीचा लाभ घेऊन कोणीतरी ३६ लाख ईथर वळवले आणि प्रयोग आटोपला. पैसे घालणाऱ्यालाही येथे ‘योगदान देणारा’ म्हणत. मराठी या बाबतीत अधिक नेमकी आहे: तिच्याकडे वर्गणीदार हा वेगळा शब्द आहे.

त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘स्टीम’ या साखळीची कहाणी अधिक बोधक, कारण तिचे वचन थेट लेखकांना होते. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ती मार्च २०१६ मध्ये सुरू केली. लेख लिहावा, वाचकांनी त्याला मत द्यावे, आणि त्या मतांच्या प्रमाणात नव्याने पाडलेली नाणी लेखकाला व मत देणाऱ्यांना मिळावीत. मोबदल्याचा काही भाग ‘स्टीम पॉवर’च्या रूपात मिळे, म्हणजे लगेच मोडता न येणाऱ्या मतशक्तीच्या रूपात. लिहिणाऱ्याला मजुरी म्हणून मत! मासिकाला कविता दिली आणि मानधनाऐवजी संपादक मंडळातला हिस्सा मिळाला, असे हे स्वप्न होते.

व्यवहारात हिस्सा नाण्यांनी मोजला जाई आणि नाणी विकतही मिळत. दहा वर्षे लिहून जमणारे वजन धनिक एका दुपारी घेऊ शके. आरंभी तर नियमच असा होता, की लेखाचा मोबदला मतवजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढे. थोड्या बड्यांनी उचललेला लेख सोन्याचा, बाकीचे मातीमोल. २०१७ साली तो वर्ग काढून प्रमाण सरळ केले गेले. मग मते भाड्याने देणारी स्वयंचलित खाती निघाली. लेखकाने शुल्क भरावे, खात्याने त्याच्या लेखाला मत द्यावे. शिवाय साखळीच्या जन्मकाळीच चालक कंपनीने नाण्यांचा मोठा हिस्सा स्वतःकडे घेतला होता. तो आपण कारभाराच्या मतदानात वापरणार नाही, असे आश्वासन तिने दिले होते. साखळीची सूत्रे मतांनी निवडलेल्या वीस ‘साक्षीदारां’कडे असत, आणि प्रत्येक खात्याला तीस साक्षीदारांना आपले पूर्ण वजन देता येई. जागा वीस आणि मते तीस. त्यामुळे ज्याच्याकडे निम्म्याहून थोडे अधिक वजन, त्याला अकरा नव्हे, वीसच्या वीस जागा.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ट्रॉन’चा संस्थापक जस्टिन सन याने ती कंपनी विकत घेतली. आश्वासनही विकले गेले का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. साक्षीदारांनी २३ फेब्रुवारीला आज्ञावली बदलून कंपनीची नाणी गोठवली. २ मार्चला सनची बाजू उलटली. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिक्स या नाणे-बाजारांत ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतशक्तीत रूपांतरित करून सनच्या साक्षीदारांच्या पारड्यात टाकली गेली आणि जुने वीसही साक्षीदार पदच्युत झाले. ज्यांची नाणी होती त्यांना कोणी विचारले नव्हते. ओरड झाल्यावर बाजारांनी मते मागे घेतली. हे साधे तांत्रिक अद्ययावतीकरण वाटले होते, असा खुलासा बायनान्सकडून आला. पण मतशक्तीत बदललेले नाणे मोकळे व्हायला तेव्हाच्या नियमानुसार तेरा आठवडे लागत.

२० मार्चला जुने रहिवासी साखळीची नक्कल घेऊन बाहेर पडले. नव्या साखळीला ‘हाइव्ह’ म्हणतात. तिच्यात बहुतेकांची नाणी आली, कंपनीची आली नाहीत. उलट मे महिन्यात मूळ साखळीवर नव्या साक्षीदारांनी ६४ खात्यांतील सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी जप्त केली. दोन्ही पक्षांचे म्हणणे एकच होते, की मालमत्ता पवित्र आहे. आणि दोघांनीही दुसऱ्याची हिरावली. माझी सहानुभूती बाहेर पडलेल्यांकडे आहे, पण ती त्यांना निर्दोष ठरवण्याइतकी नाही. गोठवण्याचे हत्यार त्यांनीच प्रथम उपसले होते.

यानंतर ग्लेन वायल, पूजा ओहल्हेवर आणि ईथरियमचा विटालिक ब्युटेरिन यांनी २०२२ साली हस्तांतर न करता येणाऱ्या प्रमाणचिन्हांची कल्पना मांडली: केलेल्या कामाची खूण माणसाला चिकटलेली राहील, विकता येणार नाही. पदवी-प्रमाणपत्र याहून वेगळे काय असते, असे विचारावेसे वाटते. हाइव्हने सुधारणा केली ती अधिक व्यवहारी. नव्याने मतशक्तीत घातलेल्या नाण्यांना साक्षीदारांच्या निवडणुकीत वजन येण्याआधी तीस दिवस थांबावे लागते. वजन नाण्याचेच, फक्त त्याला रातोरात घरात शिरता येऊ नये.

मराठी विकिस्रोतावर जुन्या ग्रंथांची पाने एकेक करून तपासली जातात. तपासून जतन केलेले प्रत्येक पान हे एक संपादन. तीनशे पाने वाचून काढणारा मुद्रितशोधक प्रतिष्ठानाच्या निवडणुकीत मतदार होऊ शकतो. त्याच ग्रंथावर वर्षभर टिपणे काढून ज्ञानकोशात एकच परिपूर्ण लेख चढवणारा प्राध्यापक तेवढ्यावर होऊ शकत नाही. आपल्या साहित्यव्यवहारात मुद्रितशोधकाच्या वाट्याला मत कधी आले नव्हते, म्हणून या उलटापालटीचे मला फारसे वाईट वाटत नाही.