वाटांची भूमिती : कोसंबी, बूरबाकी आणि 'सारखे असणे'

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या विद्यापीठीय जगात तीन निरनिराळ्या दारांनी आत येते. साहित्याचा विद्यार्थी त्यांना भर्तृहरीच्या सुभाषितांचे चिकित्सक संपादक म्हणून ओळखतो. इतिहासाचा विद्यार्थी त्यांना १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासप्रवेशिकेचे आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'चे लेखक म्हणून वाचतो. पिकांच्या गुणसूत्रांचे नकाशे तयार करणाऱ्या संशोधकाच्या लेखी 'कोसंबी' हे १९४४ साली मांडलेल्या एका सूत्राचे नाव आहे. जालना परिसराच्या बियाणे-व्यवसायामुळे आमच्या भागाला हे शास्त्र परके राहिलेले नाही. परंतु ज्या विषयात त्यांनी आयुष्यभर काम केले आणि ज्यावर त्यांची उपजीविका चालली, त्या गणिताच्या दाराने ते आपल्याकडे क्वचितच येतात. साहित्याच्या वर्गात 'ते मोठे गणितीही होते' असे एक वाक्य उच्चारले जाते आणि पुढे काही सांगितले जात नाही. आम्हीही अनेक वर्षे तेवढेच सांगत आलो. या वाक्यातल्या 'ही'मध्ये काय दडले आहे, ते साहित्याच्या वाचकाला समजेल अशा रीतीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

कोसंबींचा जन्म १९०७ साली गोव्यातील कोसबें येथे झाला. बौद्धविद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. वडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर होऊन परतले आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकवू लागले. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात तेव्हा आंद्रे वेय हा विशीतला फ्रेंच गणिती विभागप्रमुख म्हणून आला होता. त्याच्या बोलावण्यावरून कोसंबी १९३१ मध्ये अलीगढला गेले. तेथून १९३३ मध्ये ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. अलीगढचा मुक्काम अल्प होता, पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तोच.

तिथल्या एका विनोदाची हकिकत आधी सांगायला हवी. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये १९२३ साली राऊल ह्यूसाँ या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्यांपुढे एक खोटे व्याख्यान दिले होते. त्याचा शेवट 'बूरबाकीच्या प्रमेया'ने झाला होता. बूरबाकी नावाचा कोणी गणिती नव्हताच; ते एका फ्रेंच सेनापतीचे नाव होते. वेयला ही गंमत ठाऊक होती. त्याच्या सूचनेवरून कोसंबींनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत 'बूरबाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण' या अर्थाच्या शीर्षकाचा छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याचे श्रेय डी. बूरबाकी या कपोलकल्पित रशियन गणितीला दिले. गणिताच्या छापील वाङ्मयात बूरबाकी हे नाव अवतरले ते असे, एका मराठी माणसाच्या लेखणीतून. पुढे १९३४-३५ मध्ये वेय आणि त्याचे मित्र गणिताची नव्याने मांडणी करण्यासाठी एकत्र आले. त्यांनी आपल्या सामूहिक लेखकाला हेच नाव दिले आणि विसाव्या शतकाच्या गणिताची भाषा पुष्कळ अंशी या 'निकोला बूरबाकी'ने घडवली. टोपणनावांचा इतिहास शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

आता गणिताकडे वळू. रूढ भूमितीत अंतर मोजण्याचे माप आधी दिलेले असते आणि त्या मापाने दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट काढली जाते. माप प्रथम, वाट नंतर. कोसंबींनी ज्या शाखेत काम केले तिथे हा क्रम उलटा आहे. सातमाळ्याच्या डोंगरातल्या पायवाटा पाहिल्या तर हा उलटा क्रम समजणे जड जात नाही. तिथे वाटा आधीच पडलेल्या असतात. पाणी, चढ, खिंड, गावे यांनी त्या ठरवलेल्या असतात. एखाद्या ठिकाणी आपण कोणत्या दिशेने आणि किती वेगाने निघालो आहोत, एवढ्यावरून वाट पुढे कशी वळेल ते ठरते असे मानले, तर अशा वाटांचा समूह अवकल समीकरणांनी लिहिता येतो. मग कोसंबींचे प्रश्न असे : या वाटांवरून त्या प्रदेशाविषयी काय सांगता येईल? एखादे माप असे आहे काय की ज्याच्या हिशेबी याच वाटा सर्वांत जवळच्या ठरतील?

यातच दुसरा, अधिक खोल प्रश्न गुंतलेला आहे. दोन भूमापकांनी एकाच प्रदेशातील वाटा आपापल्या पद्धतीने नकाशावर उतरवल्या, तर त्यांची समीकरणे एकमेकांहून अगदी वेगळी दिसतील. मग या वाटा 'त्याच' आहेत हे ओळखायचे कसे? त्यासाठी नकाशाची पद्धत बदलली तरी न बदलणाऱ्या राशी शोधाव्या लागतात. 'मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट' या जर्मन नियतकालिकात १९३३ साली कोसंबींचा समांतरता आणि वाटांच्या अवकाशांवरील निबंध आला आणि त्याला लागूनच एली कार्तां यांची टिपणी छापली गेली. कार्तां हे त्या काळचे भूमितीचे सर्वश्रेष्ठ आचार्य. सव्वीस वर्षांच्या हिंदी प्राध्यापकाने उभा केलेला प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीने हाती घेतला होता. चिनी गणिती शिंग-शेन चर्न यांनी १९३९ मध्ये त्यात भर घातली. आज ही उपपत्ती कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखली जाते आणि वाटांच्या समूहाची ओळख पटवणाऱ्या पाच राशी तिच्या केंद्रस्थानी आहेत.

'दोन गोष्टी सारख्या आहेत' या विधानाची चिकित्सा पुढे कार्तां यांच्याच शिष्यशाखेत झाली. शार्ल एरेसमान यांनी १९३४ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पूर्ण केला. बूरबाकीच्या आरंभीच्या मंडळींत तेही होते. एका नकाशातून दुसऱ्यात नेणारी जी रूपांतरे कार्तां वापरत, ती सगळीच सगळीकडे लागू पडत नाहीत. काही थोड्याच भागापुरती चालतात. त्यांना नीट घर देण्यासाठी एरेसमान यांनी १९५० च्या दशकात आज 'ली ग्रुपॉइड' म्हणून ओळखली जाणारी कल्पना घडवली. यातले ली म्हणजे नॉर्वेचे गणिती सोफुस ली. 'ग्रुपॉइड' हा शब्द हाइनरिश ब्रांट यांनी १९२६ मध्ये वापरात आणला होता.

ही कल्पना समजून घेण्यासाठी आमच्या शहरातील बीबी का मकबऱ्याकडे जाऊ. अ‍ॅलन वाइनस्टाइन यांनी १९९६ च्या एका लेखात ती फरशीच्या दाखल्याने समजावली आहे. आमच्याकडे त्यासाठी संगमरवरी जाळी आहे. जाळीची नक्षी चारी दिशांना अनंत पसरलेली असती, तर ती एक घर सरकवली तरी जशीच्या तशी राहिली असती. अशा सर्व हालचालींच्या संचाला गणितात 'गट' म्हणतात. पण प्रत्यक्षातली जाळी चौकटीत संपते. एक घर सरकवताच एका बाजूची नक्षी चौकटीबाहेर जाते, म्हणून गटाच्या काटेकोर हिशेबाने जवळजवळ सारी सममिती नाहीशी होते. डोळ्यांना मात्र ती दिसतच राहते. ग्रुपॉइड डोळ्यांची बाजू घेतो. तो संपूर्ण जाळी हलवत नाही. 'या ठिकाणाहून त्या ठिकाणी या हालचालीने जाता येते' एवढाच एक बाण तो नोंदवतो. बाणाला आरंभ आहे, शेवट आहे आणि उलट फिरण्याची सोय आहे. पहिला जिथे संपतो तिथून दुसरा निघत असेल तर दोन्ही जोडताही येतात. जिथे आरंभ-शेवट जुळत नाहीत तिथे जोडण्याचा आग्रह नाही.

आता मकबऱ्याच्या आत, दिलरस बानू बेगमेच्या कबरीभोवतीचा अष्टकोनी संगमरवरी पडदा पाहू. प्रवेशाची फट क्षणभर विसरली, तर आठही बाजू सारख्या. 'सारख्या म्हणजे एकच' असे मानून आठांची एक करून टाकली, तर एक निमुळती पाकळी उरते आणि तिच्या दोन कडा जोडल्या की शेंगदाण्याच्या पुडीसारखा शंकू होतो. हिशेब सोपा झाला, पण काहीतरी हरवले. शंकूवरचा साधा बिंदू आठ बिंदूंच्या एकीकरणातून आला आहे, तर टोकाचा बिंदू, म्हणजे पडद्याचा मध्य, आधीपासून एकटाच होता आणि आठही फिरवण्यांनी तो जागचा हलत नाही. एकीकरणानंतर ही गोष्ट कुठेच नोंदलेली राहत नाही. टोक फक्त टोचते. ग्रुपॉइड ही नोंद जपतो, कारण त्याच्यापाशी मध्यापासून मध्यापर्यंत जाणारे आठ बाण शाबूत असतात. 'सारखे आहेत' एवढ्यावर न थांबता 'कोणकोणत्या वाटांनी सारखे आहेत' हेही तो लक्षात ठेवतो.

वेगवेगळे ग्रुपॉइड एकाच वस्तूचे वर्णन करू शकतात. त्या सगळ्यांमागची जी एक वस्तू तिला आज 'स्टॅक' म्हणतात, आणि ली ग्रुपॉइडांमागची वस्तू ती 'डिफरन्शिएबल स्टॅक'. ही कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रोथेंडीक आणि जिरो यांच्या वर्तुळात आकाराला आली. १९६९ मध्ये दलीन्य आणि ममफर्ड यांनी तिचा प्रसिद्ध उपयोग केला. आणि एकविसाव्या शतकात बेरेंड, शू आदींनी तिची अवकल भूमितीतली बाजू विस्ताराने मांडली. फ्रेंचमध्ये या वस्तूला 'शेत' अशा अर्थाचा शब्द आहे, इंग्रजीत मात्र गंजी किंवा रास. भाषांतरातही सारखेपणाची वाट कशी वळते पाहा.

कोसंबींनी ग्रुपॉइडवर काम केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी कार्तांपुढे ठेवलेला प्रश्न आणि एरेसमान यांचे उत्तर एकाच घराण्यातले आहेत, एवढाच आमचा मुद्दा आहे. परंतु साहित्याच्या वाचकाने त्यांच्या भर्तृहरीकडे या प्रकाशात पुन्हा पाहावे. शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलेल्या संस्करणात सर्व परंपरांना समान असे सुमारे २०० श्लोक वेगळे काढले आहेत. काही परंपरांतच आढळणारे श्लोक निराळे आणि तुरळक सापडणारे त्याहून निराळे ठेवले आहेत. उत्तरेची आणि दक्षिणेची परंपरा एकमेकांत मिसळून एकच गुळगुळीत 'मूळ' भर्तृहरी तयार करणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. कोणता पाठ कोठून कोठे गेला हे कळण्याची सोय त्यांनी वाचकापाशी राहू दिली. पाठभेद म्हणजे पुसून टाकायची घाण, असे मानणाऱ्या संपादकाला हे सुचत नाही.

इतिहासातही तेच. राजांच्या वंशावळी आणि सनावळ्या यांचे तयार माप हाती घेऊन त्यांनी दख्खनचा इतिहास मोजला नाही. धनगरांच्या हंगामी वाटा, वेशीबाहेरची दैवते, वाटांवर सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारे, घाटमार्गांच्या तोंडाशी असलेली लेणी यांवरून ते निघाले. पंढरीच्या वारीकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. आमच्या परिसरापुरते बोलायचे तर पितळखोऱ्याच्या लेण्यातील दानलेखात पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव येते, आणि 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तेर येथून भडोचकडे जाणाऱ्या मालाचा उल्लेख आहे. हे सुटे तुकडे वाटेने जोडल्यावरच बोलू लागतात. गणित आणि इतिहास यांच्या पद्धती एक आहेत असे म्हणण्याचा मोह इथे होतो, पण तो आवरला पाहिजे. समीकरण सिद्ध होते, इतिहासातील अनुमान केवळ टिकते. मात्र आधी वाटा पाहाव्यात आणि मग माप ठरवावे, हा कल दोन्हीकडे एकाच माणसाचा आहे.

त्या माणसाचा सगळा हिशेब गौरवाचा नाही. संख्याशास्त्राच्या मार्गाने रीमान यांचा सुप्रसिद्ध कूटप्रश्न सुटतो असे कोसंबींना वाटले आणि १९५९ साली कृषी सांख्यिकीच्या एका पत्रिकेत त्यांनी तसा निबंध छापला. सिद्धता चुकीची होती. गणितज्ञांमधील त्यांची पत घसरली आणि १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. १९६६ साली, साठी गाठण्याआधीच, ते पुण्यात वारले. त्यांचे निवडक गणिती लेखन ग्रंथरूपाने यायला २०१६ साल उजाडले. इतिहासाचे चाहते ही चूक सांगत नाहीत, आणि गणितातले बरेच लोक तिच्यापलीकडचे सांगत नाहीत. दोन्ही पक्ष एका माणसाचे सोयीचे तुकडे घेऊन बसले आहेत. ज्या धाडसाने सव्वीसाव्या वर्षी कार्तांपुढे प्रश्न ठेवला, त्याच धाडसाने बावन्नाव्या वर्षी त्यांना फसवले. ही वाटही त्यांचीच आहे आणि ती नकाशावरून पुसण्याचे कारण नाही.

भर्तृहरीचा संपादक, 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'चा लेखक आणि १९३३ च्या निबंधाचा कर्ता ही एकच व्यक्ती आहे, हे आपण सगळे जाणतो. नाव एक म्हणून माणूस एक, इथेच आपण थांबतो. एकातून दुसऱ्याकडे कसे जाता येते हे वर्गात दाखवण्याचे काम बाकी आहे. ते गणिताच्या विभागावर सोपवून चालणार नाही, कारण भर्तृहरी त्यांच्या अभ्यासक्रमात नाही. पुढच्या वर्षी पाठचिकित्सेचा घटक शिकवताना तो मकबऱ्याच्या जाळीपासून सुरू करावा, असे आम्ही ठरवले आहे.