'प्रूफ' शब्दाची परीक्षा

छापखान्यात प्रुफे तपासतात, पावसाळ्यात वॉटरप्रूफ अंगावर घेतात आणि न्यायालयात वकील प्रूफ मागतात. एकाच इंग्रजी शब्दाचे हे तीन व्यवहार पाहून आम्हांस कुतूहल वाटले.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'प्रोबारे' या धातूत आहे. गोव्यातील जुन्या पिढीस परिचित असलेला पोर्तुगीज 'प्रोव्हा' त्याच कुळातला. धातूचा अर्थ पारखणे, कसोटीस लावणे. म्हणजे प्रूफ ही आधी परीक्षा. तिचा निर्णय हा मागाहूनचा अर्थ. छापखान्यातील प्रूफ दोष शोधण्यासाठीच काढतात. बर्मिंगहॅम येथे १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने बंदुकांचे 'प्रूफ हाउस' स्थापन झाले. तेथे नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढीत. नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का उमटे.

न्यायालयात हा शब्द अधिक सूक्ष्म झाला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात गोष्टींचे तीन वर्ग केले आहेत: सिद्ध झालेली, खोटी ठरलेली आणि सिद्ध न झालेली. जी खरी मानून सुज्ञ मनुष्याने वागावे इतका जिचा संभव, तीही सिद्धच. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. हे तीन वर्ग मात्र कायम आहेत.

आमच्या मते यांतील तिसरा वर्ग सर्वांत मोलाचा. सोळाव्या शतकात साष्टीतील अनेक दैवते अंत्रुज महालात नेली गेली. त्या संकटात मूर्तींबरोबर सारे कागदपत्र वाचणे शक्य नव्हते. म्हणून कित्येक देवस्थानांच्या प्राचीनतेस आज वडीलधाऱ्यांच्या सांगण्याचाच आधार उरतो. कोणी तेवढ्यावरून ती 'सिद्ध' म्हणतो, कोणी ताम्रपट नाही म्हणून 'खोटी' म्हणतो. दोघेही घाई करतात. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीस शब्दही प्रमाण मानला. परंतु तो आप्ताचा, म्हणजे विश्वसनीय पुरुषाचा असला पाहिजे, ही अट घातली. तेथेही पारख आलीच.

तेव्हा परंपरा टाकू नये, तशी तिची तपासणीही टाळू नये. देवळाच्या पेटीतील जीर्ण वही जाणत्यास दाखवावी, शिलालेखाचा ठसा घ्यावा, जुन्या जमाखर्चाशी कथा ताडून पाहावी. जी टिकेल ती अधिक उजळेल. जी अद्याप सिद्ध झाली नाही, तिला तसेच म्हणण्यात देवाचा अथवा पूर्वजांचा काहीच अवमान नाही.