लोकप्रशासन शिकवायचे कसे? एक संशोधन नियतकालिक आणि त्याच्या नव्या संपादकांपुढील प्रश्न

‘जर्नल ऑफ पब्लिक अफेअर्स एज्युकेशन’ (संक्षेपाने जेपीएई) हे अमेरिकेतील त्रैमासिक संशोधन नियतकालिक आहे. लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण आणि स्वयंसेवी संस्थांचे व्यवस्थापन हे विषय विद्यापीठात कसे शिकवले जातात आणि कसे शिकवले जावेत, यावरचे लेख त्यात छापले जातात. सरकार कसे चालते यावर लिहिणारी नियतकालिके पुष्कळ आहेत. सरकार चालवणारी माणसे वर्गात कशी घडतात यावर लिहिणारी मात्र मोजकीच. ब्रिटनमधून निघणारे ‘टीचिंग पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन’ हे त्यांपैकीच दुसरे.

अशा नियतकालिकाचे संपादक ठरावीक मुदतीनंतर बदलतात. नवे संपादक आले की पहिल्या काही अंकांत संपादकीय लिहून आपल्या योजना मांडतात. हे संपादकीय बहुतेक वाचक चाळून सोडून देतात. पण कोणत्या प्रकारचे लेख स्वीकारले जाणार आणि कोणते परत जाणार, याचा अंदाज त्यातूनच येतो.

नियतकालिकाची वाटचाल

अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलमध्ये १९२४ साली लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. पुढे असे अभ्यासक्रम वाढत गेले आणि ते चालवणाऱ्या संस्थांनी १९७० मध्ये ‘नास्पा’ ही संघटना स्थापन केली. अभ्यासक्रमांना अधिमान्यता देणे हे तिचे एक मुख्य काम आहे.

नियतकालिक १९९५ मध्ये सुरू झाले. तेव्हा त्याच्या नावात ‘पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन’ हे शब्द होते. १९९८ पासून त्या जागी ‘पब्लिक अफेअर्स’ आले. या बदलाला कारण होते. विद्यार्थी आता केवळ सरकारी खात्यांत जात नव्हते. धोरण विश्लेषण करणाऱ्या संस्था आणि स्वयंसेवी क्षेत्रही त्यांच्यासाठी खुले झाले होते, आणि नियतकालिकाने आपली कक्षा त्यानुसार रुंदावली.

संस्थापक संपादक होते एच. जॉर्ज फ्रेडरिकसन. स्पर्धा परीक्षेसाठी लोकप्रशासन घेणाऱ्यांना हे नाव परिचित असेल. १९६८ च्या मिनोब्रुक परिषदेतून पुढे आलेल्या ‘नव लोकप्रशासन’ विचाराचे ते एक प्रमुख मांडणीकार. काटकसर आणि कार्यक्षमता यांच्या जोडीला सामाजिक समता हाही प्रशासनाचा निकष असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

२०१८ पासून नियतकालिकाचे प्रकाशन टेलर अँड फ्रान्सिस या व्यावसायिक प्रकाशनसंस्थेकडे आहे. या स्थित्यंतराच्या काळात ब्रूस मॅकडोनाल्ड आणि विल्यम हॅचर या दोघा प्राध्यापकांनी मिळून मुख्य संपादकपद सांभाळले. संपादक हे पूर्णवेळ पद नसते. आपले अध्यापन सांभाळून प्राध्यापक हे काम करतात, त्यामुळे जबाबदारी दोघातिघांत वाटून घेण्याची पद्धत आता रुळली आहे.

संपादकाच्या हातात काय असते?

लेख आला की संपादक आधी तो नियतकालिकाच्या कक्षेत बसतो का, हे पाहतात. न बसणारे लेख तिथूनच परत जातात. उरलेले लेख त्या विषयाच्या जाणकारांकडे परीक्षणासाठी पाठवले जातात. परीक्षकाला लेखकाचे नाव कळत नाही आणि लेखकाला परीक्षकाचे. परीक्षक शिफारस करतात, अंतिम निर्णय संपादकांचा असतो.

याशिवाय विशेषांकाचा विषय ठरवणे, संपादक मंडळावर कोणाला घ्यायचे ते ठरवणे आणि परीक्षकांची फळी उभी करणे ही कामेही त्यांचीच. म्हणूनच नव्या संपादकांच्या योजना साधारणपणे तीन प्रश्नांभोवती फिरतात.

पहिला प्रश्न : पुरावा कशाला म्हणायचे?

अध्यापनावरच्या लेखांची एक जुनी अडचण आहे. प्राध्यापक वर्गात नवा प्रयोग करतात. उदाहरणार्थ, विद्यार्थ्यांना नगरसेवक, करदाते आणि खातेप्रमुख अशा भूमिका देऊन शहराचा अर्थसंकल्प मांडायला लावतात. प्रयोग रंगतो, विद्यार्थी खूश होतात आणि त्यावर लेख लिहिला जातो. पण विद्यार्थ्यांना तास आवडला याचा अर्थ ते अर्थसंकल्प शिकले, असा होत नाही. म्हणून संपादक विचारतात : प्रयोगाआधी त्यांना काय येत होते, नंतर काय येऊ लागले, आणि हे तुम्ही कसे मोजले?

मागणी रास्त आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. छोट्या विद्यापीठातील वर्गात पंधरा-वीस विद्यार्थी असतात, त्यातले काही दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणारे. एवढ्या आकड्यांवरून संख्याशास्त्रीय निष्कर्ष निघत नाहीत. शिवाय अमेरिकेत विद्यार्थ्यांवर संशोधन करायचे तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची तपासणी आड येते, कारण गुण देणारा आणि अभ्यास करणारा माणूस एकच असतो. निकष फार कडक केले तर सामान्य शिक्षकाचा अनुभव नियतकालिकाबाहेर राहतो. सैल केले तर नियतकालिक आठवणींचा संग्रह होते.

दुसरा प्रश्न : मान की उपयोग?

नियतकालिकाची प्रतिष्ठा बऱ्याच अंशी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’वर ठरते. मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती वेळा उद्धृत केले गेले, याचा तो आकडा. तरुण प्राध्यापकांची बढती अशा आकड्यांशी जोडलेली असते. अनेक विभागांत अध्यापनावरच्या संशोधनाला मूळ विषयातील संशोधनापेक्षा कमी लेखले जाते. त्यामुळे नियतकालिकाचा मान वाढवणे म्हणजे शिकवण्याकडे लक्ष देणाऱ्या प्राध्यापकांची बाजू भक्कम करणे, हा संपादकांचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

पण वर्गात वापरायला उत्तम असलेला लेख उद्धृत होतोच असे नाही. शिक्षक तो वाचतात, सोमवारच्या तासाला वापरतात आणि विसरतात. त्याची नोंद कुठल्याही आकड्यात होत नाही. अध्यापनासाठी लिहिलेली प्रकरणे, म्हणजे एखाद्या खऱ्या प्रशासकीय पेचाची चर्चेसाठी केलेली मांडणी, याच कारणाने मागे पडण्याचा धोका असतो.

तिसरा प्रश्न : कोणासाठी आणि कोणाकडून?

नास्पाच्या अधिमान्यतेच्या निकषांत पाच क्षमता सांगितल्या आहेत : सार्वजनिक हितासाठी नेतृत्व व व्यवस्थापन करणे, धोरणप्रक्रियेत सहभागी होणे, विश्लेषण करून निर्णय घेणे, लोकसेवेची दृष्टी जोपासणे, आणि विविध प्रकारच्या सहकाऱ्यांशी व समाजाशी संवाद साधणे. शेवटची क्षमता शिकवायची तर नियतकालिकाचे लेखक आणि परीक्षकही निरनिराळ्या पार्श्वभूमीचे हवेत. अमेरिकेबाहेरचे लेखन वाढवण्याचा विचार संपादकांना यासाठीही करावा लागतो.

अडथळा असतो तो पैशांचा आणि भाषेचा. व्यावसायिक प्रकाशकामुळे लेख सादर करण्याची यंत्रणा आणि जगभरच्या ग्रंथालयांत शिरकाव मिळतो, पण ज्या महाविद्यालयाकडे वर्गणी नाही तिथल्या शिक्षकाला बहुतेक लेख पैसे मोजल्याशिवाय उघडत नाहीत.

भारताच्या संदर्भात

हा शेवटचा मुद्दा आपल्याला थेट लागू होतो. भारतात लोकप्रशासनाचा पहिला पूर्ण विद्यापीठ विभाग १९४९ मध्ये नागपूर विद्यापीठात सुरू झाला. त्याच्या नावातच ‘स्थानिक स्वराज्य’ हे शब्द होते. १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले. ते मुख्यतः प्रशासनाविषयी आहे, अध्यापनाविषयी नाही. आज आपल्याकडे अनेक विद्यार्थी हा विषय स्पर्धा परीक्षेच्या वाटेने शिकतात. ग्रामपंचायतीचा ताळेबंद किंवा महापालिकेची निविदा वर्गात कशी शिकवावी, यावर मराठी प्राध्यापकाने केलेल्या प्रयोगाची नोंद बहुधा त्याच्या वहीतच राहते.

योजना कितपत खऱ्या झाल्या, हे कसे ओळखावे?

नव्या संपादकांची योजना वाचणाऱ्याने दोन वर्षांनी अंक पुन्हा काढून तीन गोष्टी पाहाव्यात. लेखकांत छोट्या संस्थांची आणि इतर देशांची नावे वाढली का? वर्गात उद्या वापरता येईल असे काही प्रत्येक अंकात आहे का? आणि फसलेल्या प्रयोगावरचा एखादा लेख छापला गेला का? तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ असते, आणि शिकवणाऱ्याला तिचाच उपयोग बहुधा अधिक होतो.