मोठा कोण?

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना माझी १९९३ सालची टाचणवही हाती लागली. त्यात माझ्याच अक्षरात, 'जगातील सर्वांत मोठा सजीव कोणता? – निळा देवमासा.' वाचले आणि सहावीतला एक मुलगा आठवला. "बाई, सजीव म्हणजे झाडंबिडं पण ना?" असे त्याने विचारले होते. "सांगितलंय तेवढं लिही," म्हणून मी त्याला खाली बसवले.

आता कळते की आदल्याच वर्षी, एप्रिल १९९२ मध्ये, 'नेचर' नियतकालिकात एका बुरशीची हकिकत आली होती. अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांशी संपर्कासाठी मिशिगनच्या रानात रेडिओ लहरींची यंत्रणा उभारली होती. तिचा रानावर काय परिणाम होतो हे तपासताना शास्त्रज्ञांना झाडांच्या मुळांशी आर्मिलारिया सापडली. ठिकठिकाणचे नमुने त्यांनी बशीत शेजारी-शेजारी वाढवले. परके असते तर मध्ये रेघ उमटली असती. हे एकमेकांत मिसळून गेले. जनुकेही जुळली. एवढ्या रानाखाली एकच जीव! वजन शंभर टन, वय दीड हजार वर्षे. २०१८ साली नवा अंदाज आला, निदान चारशे टन आणि अडीच हजार वर्षे. म्हणजे जवळजवळ गौतम बुद्धांच्या काळातली. वर दिसतात त्या पावसाळी छत्र्या, त्याही वर्षातून थोडेच दिवस.

देवमासा भरतो फार तर दीडशे-पावणेदोनशे टन. पण त्याला श्वासासाठी वर यावे लागते, तिथेच घात झाला. वल्ह्यांच्या होड्यांना तो आटोपत नसे. १८६० नंतरच्या दशकात नॉर्वेच्या स्वेंड फॉयनने वाफेच्या बोटीवर स्फोटक भाल्याची तोफ बसवली. पुढे १९३०-३१ च्या एकाच हंगामात दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. कशासाठी, तर साबण आणि मार्गारीन! १९६६ मध्ये बंदी आली, तरी सोव्हिएत बोटी चोरून मारतच राहिल्या.

बुरशीही काही साधी नव्हे, झाडे मारते. पण तिला मारायला आधी ती दिसायला हवी ना!

जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा लागला आणि तिथेच मेला. वर्तमानपत्रातला फोटो पाहून मी दिवसभर गप्प होते. तेव्हाही 'सर्वांत मोठा सजीव' हेच शब्द मनात आले, मुलगा नाही आला.

टाचणवहीत त्याचे नाव नाही. त्या वर्गातले कोणी हे वाचत असेल आणि त्याचा पत्ता ठाऊक असेल, तर त्याला सांगा, बाईंनी विचारलंय.